रुखवतातली बजरची डबी

लेकीचं लग्न तोंडावर आलं होतं आणि लाभुबेनच्या पायाला भिंगरी लागली होती! रिंकलला राजकोटला द्यायचं होतं, आणि मांडवात वरपक्षाची टर उडवणारी फटाणां गावीत तर जसदणमध्ये लाभुबेननीच. अडचण एकच, दात! वर्षानुवर्षं बजर, म्हणजे तंबाखूची भुकटी घासून ते काळेकुट्ट झाले होते. हसू आलं की पदर आपोआप तोंडावर जायचा. आता तोंडाला पदर लावून का कुठे फटाणां गाता येतात?

म्हणून रिंकलला घेऊन त्या थेट दातांच्या डॉक्टर निरूपा वाछाणींकडे गेल्या.

"बेन, पुढच्या सगळ्या दातांवर पांढऱ्याशुभ्र कॅप बसवून द्या. राजकोटची विहीण बघतच राहिली पाहिजे!"

डॉक्टरांनी तोंडात आरसा फिरवला. हिरडीला नुसता धक्का लागला आणि रक्त आलं.

"कॅप बसवू कशावर, मासी? हिरड्या सुटल्यात, दाढा किडल्यात. भिंतीला ओल आलीय आणि तुम्ही रंगाचा डबा घेऊन आलात!"

"पण दुखत तर काहीच नाही!"

"बजरनं बधिर झाल्यावर दुखेल कसं? आधी ती सोडा, मग सफाई, मग किडीवर इलाज. पांढरं करायचं ते सगळ्यात शेवटी."

"सोडू?" लाभुबेन फणकारल्या. "अहो, आमच्यात पाहुणी आली की पाण्यामागोमाग डबी पुढे करतात! रिंकलच्या रुखवतात माझ्या आईची चांदीची डबी ठेवलीय मी, काठोकाठ भरून."

डॉक्टरांचा हात थबकला. "रिंकल, तू बस बघू इथे. तोंड उघड."

रिंकलनं नाइलाजानं ओठ बाजूला केला. दात छान पांढरे, पण ओठाच्या आत हिरडीलगत एक पांढरा, सुरकुतलेला चट्टा!

"दाढ ठणकत होती तेव्हा बानंच चिमूटभर दिली होती," ती आईकडे बघत पुटपुटली. "मग सुटलीच नाही."

लाभुबेननी वाकून तो चट्टा पाहिला. स्वतःच्या हातानं दिली होती! "बेन, हे काही वाईट तर नाही ना?"

"तपासून घेऊ. आत्ता सोडली तर असे चट्टे पुष्कळदा जातात. चालू ठेवली तर कॅन्सरपर्यंत जाऊ शकतं. तुम्ही स्वतःचे दात पांढरे करायला आलात, मासी. पण लेकीला त्या डबीतून काय देताय, ते बघा!"

घरी येताच लाभुबेननी डबी उकिरड्यावर रिकामी केली, घासून लख्ख केली आणि तिच्यात बडीशेप भरली. मायलेकींनी बजर एकदमच सोडली. डोकं दुखलं, चिडचिड झाली, एकमेकींवर खेकसल्या, पण मागे फिरल्या नाहीत. तपासणीत काही वाईट निघालं नाही तेव्हा लाभुबेन भर दवाखान्यात रडल्या!

मांडवात उभ्या राहिल्या तेव्हा त्यांचे दात साफ केलेले, तरी डागाळलेलेच होते. त्यांनी पदर कमरेला खोचला आणि खणखणीत सूर लावला:

"विहीणबाई, विहीणबाई, डबी उघडा भारी,
बजर गेली उकिरड्यावर, बडीशेप घ्या सारी!"

मांडव हसून लोटपोट झाला. राजकोटची विहीणही हसली, पण पदर तोंडावर धरून. लाभुबेननी ओळखलं! त्यांनी जवळ जाऊन डबी पुढे केली. विहिणीचा पदर हळूहळू खाली आला. आतले दात तसेच, काळेकुट्ट.

"विहीणबाई," ती हळूच म्हणाली, "मलाही घेऊन चला तुमच्या त्या डॉक्टरीणबाईंकडे."

वाचकहो, दात उजळवायला हरकत कसलीच नाही. पण आधी तोंड निरोगी करा, आणि जी सवय लपवायला आपल्याला पदर लागतो, ती लेकीच्या हातात देऊ नका!