बोंबलांसारखी टांगलेली पुस्तकं

होडीवर उमेदीची वर्षं काढलेला मी एक जुना दोर आहे, मित्रांनो. तारापूरच्या किनाऱ्यावर मला काथ्यापासून वळलं. बारा वर्षं मी जानू तांडेलाची होडी बांधून धरली. मग नायलॉनचे दोर आले आणि मी पडवीच्या कोपऱ्यात पडलो.

१९७८ साली शाळेतल्या पुष्पलताबाई जानूच्या दारात आल्या. "जानूभाऊ, एखादा जुना दोर द्याल का? पुस्तकं टांगायचीत."

"पुस्तकं? बोंबलासारखी?" जानू खो खो हसला. पण मला स्वच्छ धुऊन त्याने बाईंच्या हाती दिलं.

शाळेत गोष्टींची पुस्तकं होती, पण कुलपात. लहान मुलं ती फाडतील, हरवतील, अशी मुख्याध्यापक कमलाकांत गुरुजींना धास्ती. बाईंनी फारच हट्ट धरला, तेव्हा ते म्हणाले, "पंधरा दिवस देतो. एक जरी पुस्तक गेलं, तर सगळी परत कपाटात."

बाईंनी मला दुसरीच्या वर्गात, मुलांच्या छातीएवढ्या उंचीवर बांधलं. वीस पुस्तकं मधोमध उघडून माझ्यावर घातली. मुलांची झुंबड उडाली! चित्रं बघता बघता ती अक्षरं लावू लागली. आवडलेलं पुस्तक घरीही न्यायला मिळे.

पंधराव्या दिवशी मात्र एकोणीसच भरली. विसावं नेणारी जमना चार दिवस शाळेत आली नव्हती. गुरुजींनी किल्ली काढली. माझा पीळ न् पीळ ताठ झाला.

तेवढ्यात जमना पुस्तक घेऊन धावत आली. मागे तिची आई, येसूबाई.

"गुरुजी, पोरीला रागावू नका. पुस्तक मीच ठेवून घेतलं, अन् तिलाबी घरी. आमी बाया बोंबील वाळत घालतो, तवा ही वाचून दाखवते. आमाला कुनाला वाचता येत नाय, अन् गोष्ट अर्धी सोडवत नाय."

"दुसरीतली पोर गोष्ट वाचते?" गुरुजींनी पुस्तक उघडून पुढे धरलं. "वाच बघू."

जमनाने बोट ठेवलं. पहिल्या ओळीला अडखळली. मग सुटलीच! गमतीच्या जागी स्वतःच हसली. पान संपलं तशी दम घ्यायला थांबली.

"पुढे?" गुरुजींच्या तोंडून निघून गेलं.

सगळा वर्ग टाळ्या पिटू लागला. गुरुजींनी किल्ली बाईंच्या हातावर ठेवली. "कपाट रिकामं करा. आणि जानूकडून आणखी दोर मागवा."

त्या वर्षी दुसरीतलं प्रत्येक मूल घडाघडा वाचू लागलं, मित्रांनो. आता माझे धागे सुटू लागलेत. माझ्या जागी नवा दोर बांधा, मला वाईट वाटणार नाही. पण पुस्तकं लहानग्यांच्या हाताला येतील अशीच ठेवा, आणि मुलं घरी नेतो म्हणाली तर खुशाल नेऊ द्या.