शेवटच्या तासाची लांबी

शाळेतला शेवटचा तास बाकीच्या तासांपेक्षा खरोखरच लांब असतो, हे सातवीच्या वर्गाने सिद्ध केलं.

असं काहीही सिद्ध झालेलं नाही. मुळात तसं काही घडलंच नाही, हे मुख्याध्यापकांनी सकाळच्या रांगेत सगळ्या शाळेला सांगितलं आणि शाळेने मान डोलावली. तेव्हा जे घडलं नाही ते आता बिनधास्त सांगता येईल.

सातवीत एक मुलगी होती. तिला सगळे थापाडी म्हणायचे. मामाने न्हाणीघरात पाणघोडा पाळलाय, असं तिने एकदा सांगितलं होतं आणि पाणघोडा कुठल्या साबणाने अंघोळ करतो हेही सांगितलं होतं. त्यानंतर ती ताप आलाय म्हणाली, तरी लोक पाणघोड्याची तब्येत विचारायचे.

आता झालं असं, की ती रोज घरी उशिरा पोचायची. फार नाही, थोडीच. पण तिची आई बसच्या आगारात कुठली गाडी किती वाजता सुटली आणि किती वाजता आली, हे बघायच्या कामावर होती. अशा बाईच्या घरात थोडा उशीर नावाची गोष्टच नसते.

"कुठे रेंगाळलीस?" आई विचारायची.

"कुठेच नाही गं. शाळा सुटली आणि सरळ आले."

"शाळा सुटते किती वाजता, मला माहीत आहे. वाट किती आहे, तेही माहीत आहे. मधला वेळ कुठे गेला?"

"मी कुठे घातला नाही गं!"

"ठीक. सोमवारपासून तुला न्यायला आजोबा येतील."

थापाडीच्या पायाखालची जमीन सरकली. आजोबा म्हणजे फाटकापाशी उभं राहून, सगळ्या शाळेला ऐकू जाईल अशा आवाजात "छबुली, डबा संपवलास का?" असं विचारणारा माणूस. आजोबांवर तिचा जीव होता, पण घरात.

दुसऱ्या दिवशी विज्ञानाच्या बाईंनी वैज्ञानिक पद्धतीची उजळणी काढली. परीक्षा तोंडावर आली होती. निरीक्षण, प्रश्न, गृहीतक, प्रयोग, निष्कर्ष, असं सगळं वर्गाने एका सुरात म्हणून दाखवलं आणि त्यातलं कुणालाही काहीही कळलं नव्हतं.

"एक निरीक्षण सांगा," बाई म्हणाल्या.

पहिल्या नंबरचा मुलगा उठला. "सूर्य पूर्वेला उगवतो."

"बघितलास?"

"नाही बाई. पुस्तकात आहे."

"म्हणजे तू पुस्तकाचं निरीक्षण केलंस. बस खाली."

थापाडीने हात वर केला. "बाई, शेवटचा तास बाकीच्यांपेक्षा मोठा असतो. म्हणून मला घरी उशीर होतो."

वर्ग हसून फुटला. "मामाच्या पाणघोड्याने मोजला असेल!"

"गप्प बसा," बाई म्हणाल्या. "हे निरीक्षण नाही, पण गृहीतक आहे. तपासून खोटं ठरवता येईल असं विधान म्हणजे गृहीतक."

"बाई, मग ती बोलते ते सगळंच गृहीतक आहे," मागच्या बाकावरून आवाज आला. बाईंना हसू आलं आणि त्यांनी ते खोकून टाकलं.

पण तपासायचं कशाने? मुलांना शाळेत घड्याळ वापरायला मनाई होती. बाईंच्या मनगटावरचं घड्याळ कधीचंच बंद पडलेलं. ते त्या वर्गाला धाक म्हणून घालायच्या. शाळेत वेळ सांगणारं एकच घड्याळ होतं, कार्यालयाबाहेरच्या भिंतीवरचं. त्यात बघूनच घंटा व्हायची. आणि आरोप त्याच्यावरच होता.

बाईंनी प्रयोगशाळेच्या कपाटांची दोन सारखी कुलपं आणली, सारख्या लांबीच्या दोऱ्यांना बांधली आणि फळ्यावरच्या दोन खिळ्यांना टांगली. मग एक कुलूप लांबवर ओढलं, दुसरं जेमतेम बोटभर.

"दोन्ही एकदम सोडते. कुठलं आधी परत येईल?"

"छोट्या झोक्याचं!" सगळा वर्ग ओरडला. यात विचारण्यासारखं काय होतं? त्याला जायचंच थोडं होतं.

बाईंनी हात सोडले. दोन्ही कुलपं बरोबरच गेली, बरोबरच आली. पुन्हा गेली, पुन्हा आली. लांब जाणारं धावत होतं, जवळ जाणारं रमतगमत चाललं होतं, आणि परत मात्र दोघं जोडीनेच येत होती. मागच्या बाकावरचा, जो जन्मात गप्प बसला नव्हता, तो हळूच म्हणाला, "बाई, त्यांना कोण सांगतं?"

"ते मला अजून नीट कळलेलं नाही," बाई म्हणाल्या. शिक्षकाच्या तोंडून असं वाक्य वर्गाने पहिल्यांदाच ऐकलं. पुस्तकात ते नव्हतं.

मग ठरलं. दुसऱ्या दिवशी सकाळपासून, घंटेपासून घंटेपर्यंत, एका कुलपाचे झोके मोजायचे. झोका मंदावला की हलकंसं बोट लावायचं. गणिताच्या सरांनी लगेच परवानगी दिली, कारण त्यांच्या तासाला कुणीतरी काहीतरी मोजतंय हे ते प्रथमच बघत होते.

"पण बाई, हिला मोजू देऊ नका," पहिला नंबर म्हणाला. "ही हवा तोच आकडा सांगेल."

"बरोबर बोललास. म्हणून तूही मोज. एकाने खिडकीपाशी बसायचं, एकाने दारापाशी. बोलायचं नाही, चिठ्ठीवर लिहून माझ्याकडे द्यायचं."

दुसऱ्या दिवशी पहिला तास संपला. बाईंनी दोन्ही चिठ्ठ्या उघडल्या आणि आकडे फळ्यावर लिहिले. आकडे सारखेच होते.

थापाडी फळ्याकडे बघत राहिली. तिने आजवर शेकडो गोष्टी सांगितल्या होत्या आणि प्रत्येक वेळी ऐकणारा आधी तिच्या तोंडाकडे बघायचा. कुलूप कुणाच्याच तोंडाकडे बघत नव्हतं. ती थापाडी आहे आणि तो पहिला नंबर, हे त्याला ठाऊकच नव्हतं. दोघांना त्याने एकच उत्तर दिलं होतं.

संध्याकाळी फळा भरला. शेवटचा तास मोठा निघाला. वर्गाने जल्लोष केला आणि मग तो हळूहळू विरला, कारण दुसरा तासही मोठा होता. चौथाही. इतकंच काय, खेळाचा तासही मोठा होता, आणि ते आजवर एकालाही जाणवलं नव्हतं.

"म्हणजे ती चुकली," पहिला नंबर म्हणाला, पण या वेळी त्याच्या आवाजात मजा नव्हती.

"गृहीतक चुकलं," बाई म्हणाल्या. "ते चुकायलाच असतं. आता पुढे?"

थापाडी फळ्याजवळ गेली. आपण चुकलो हे सगळ्यांसमोर लिहिलेलं असूनही तिला लाज वाटत नव्हती, याचंच तिला नवल वाटलं. शाळेतला तास अर्ध्या तासाचा असतो. "बाई, मोठे तास सगळे साडेला सुरू होतात आणि ठोक्याला संपतात. म्हणजे तेव्हा मिनिटकाटा सहावरून बारावर जातो. म्हणजे..." ती थांबली. "म्हणजे तो चढत असतो!"

सगळा वर्ग कार्यालयाकडे पळाला आणि काटा उतरून पुन्हा सहावरून वर निघेपर्यंत तिथेच थांबला.

घड्याळाच्या मिनिटकाट्यावर मुख्याध्यापकांनी पत्र्याचा मोठा लाल बाण चिकटवून घेतला होता, मैदानातूनही वेळ दिसावी म्हणून. बाण भलता देखणा आणि त्याहून भलता जड होता. मुलं माना वर करून उभी राहिली. काटा थरथरला, किंचित वर सरकला, मागे घसरला, पुन्हा सरकला. इतकी वर्षं तो रोज त्यांच्या डोक्यावर तो चढ चढत होता आणि सगळी शाळा खाली त्याची वाट बघत बसली होती. एकीने नकळत हात जोडले.

मुख्याध्यापक बाहेर आले. "काय चाललंय?"

"सर, घड्याळ चढावर दमतं आणि उतारावर ते भरून काढत नाही," थापाडी म्हणाली. "रोज शाळा उशिरा सुटते."

"हे घड्याळ मी रोज सकाळी स्वतः लावतो."

"पण सर, संध्याकाळी तुमच्या हातातलं घड्याळ याच्या पुढे दिसत नाही का?"

"दिसतं. हात हलल्यामुळे ते पुढे पळतं." त्यांनी बाणाकडे प्रेमाने पाहिलं. "शाळेची वेळ म्हणजे हे घड्याळ दाखवतं ती. तेव्हा शाळा उशिरा सुटूच शकत नाही. काही घडलेलं नाही. घरी जा."

घरी थापाडीने आईसमोर दोन कुलपं टांगली आणि सगळं सांगितलं. आपलं गृहीतक चुकलं होतं, हेही. आईने एकदाही तिच्या तोंडाकडे पाहिलं नाही. ती झोक्याकडे बघत होती. आयुष्यभर तिने गाड्यांची वेळ पाहिली होती, वेळ अशी समोर हलताना कधी पाहिली नव्हती.

"पुन्हा सोड," आई म्हणाली. थापाडीने सोडलं. "पुन्हा."

मग आई म्हणाली, "आजोबांना सांग, सोमवारी यायची गरज नाही. आणि कागद आण. अर्ज तू लिही, खाली सही मी करते."

माननीय मुख्याध्यापक यांस,
विषय: जादा घेतलेला वेळ परत मिळणेबाबत.
महोदय, वरील विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की, सदर बाण चिकटवल्याच्या दिवसापासून दर चढत्या तासाला आमच्याकडून जो वेळ जादा घेण्यात आला आहे, तो खालच्या सहीच्या पालकांनी स्वतः तपासून खरा मानला आहे. तरी हा सर्व वेळ एकरकमी, शक्यतो परीक्षेच्या आदल्या दिवशी, आणि खेळाच्या तासाचा हिस्सा त्यातून वगळून, अर्जदारास परत करण्यात यावा, ही नम्र विनंती.