ताईच्या मापाची तीनचाकी

मी तीनचाकी बोलतेय. पेट्रोलवाली नव्हे हो, हातानं चालवायची. ज्यांचे पाय साथ देत नाहीत त्यांच्यासाठीची. बसणाऱ्याच्या छातीसमोर माझी दांडी असते. ती दोन्ही हातांनी गरागरा फिरवली की साखळी ओढली जाते आणि मी पळते. रंग माझा भडक पिवळा. कुणाला न विचारता धाकट्यानं फासला.

धाकटा म्हणजे मला बनवणारा वेल्डर. शाळेशी त्याचं कधी जमलं नाही, लोखंडाशी मात्र लगेच जमलं. त्याचं डोकं तापायला वेळ लागत नाही, आणि डोळे भरून यायलाही. त्याला विचाराल तर नाही म्हणेल.

कारखान्याची खरी मालकीण त्याची ताई. कारखाना कसला, पत्र्याची एक लांबट खोली! ताईचे पाय लहानपणीच गेले होते. बाजारातली तयार गाडी तिला कधी नीट बसली नाही. "सगळ्या माणसांना एकाच साच्यातून काढलंय असं वाटतं की काय या लोकांना?" असं म्हणून तिनं धाकट्याला हाताशी धरलं आणि स्वतःच गाड्या बनवायला घेतल्या.

तिची पद्धत एकच. आधी माणूस, मग पाइप. गिऱ्हाईक आलं की त्याला भिंतीकडच्या बाकावर बसवायचं, इकडच्या तिकडच्या गप्पा मारायच्या, मग डोळे मिटून हात पुढे करायला सांगायचं. हात आपसूक थांबतील तिथे दांडी. तोवर पाइप कापायचा नाही.

आशियातल्या देशोदेशी लोकांसाठी काम उभं करणाऱ्यांना एक संस्था पुरस्कार देते. तो ताईला मिळाला. धाकट्यानं गल्लीभर असं सांगितलं, जणू अख्खा आशिया ताईच्या नावावर झालाय! पुरस्कार मिळालेल्यांच्या कामाला ही संस्था पुढे छोटंसं अनुदानही देते. ताईनं त्यातून पाइप वाकवायचं यंत्र मागितलं आणि थोड्या गाड्यांपुरतं लोखंड. पहिली गाडी शिंपीणकाकूंची, हेही तिनंच ठरवलं. काकूंना काका रोज पाठीवर घेऊन बाजारातल्या गाळ्यावर पोचवायचे, आणि आता काकांची कंबर कुरकुरायला लागली होती.

यंत्र आलं. ताई ते बघायला राहिली नाही. ताप आला आणि बघता बघता ती गेली.

काही दिवसांनी संस्थेच्या बाईंचा फोन आला. त्यांनी हळू आवाजात विचारलं, काम पुढे चालणार आहे का? नसेल तर उरलेलं अनुदान थांबवावं लागेल. धाकटा ओरडलाच, "थांबवताय कशाला? पहिली गाडी बघायलाच या तुम्ही!"

फोन ठेवल्यावर आई म्हणाली, "अरे, पण गाडी कुठाय?"

"होईल गं!"

आणि मी झाले की! काय त्या ठिणग्या, काय तो ठणठणाट! जन्माला येताना एवढी आतषबाजी कुणाच्या नशिबी असते? फक्त एक झालं. काकूंना त्यानं बाकावर बसवलंच नाही. बाकावर ताईची शाल होती, ती उचलायला त्याचा हात धजेना. "माप मला ठाऊक आहे," म्हणाला आणि कापत सुटला.

मग काकांच्या पाठीवरून काकू आल्या. मला पाहून खुलल्या. "अगंबाई, ही तर नवरीसारखी पिवळी!" काकांनी त्यांना माझ्यावर बसवलं. काकूंनी हात पुढे केले. दांडी लांबच. पुढे वाकल्या, तरी लांबच.

"धाकट्या, दांडी फिरवायला माझ्यापुढे आणखी एक काकू बसवणार आहेस का?"

काका खो खो हसले. काकू म्हणजे मूठभर बाई. पाठीमागे एक उशी लावली, मग दुसरी. तिसऱ्या उशीला त्या माझ्यावरून घसरायलाच लागल्या. तेवढ्यात आई जवळ आली. तिनं माझ्या दांडीवरून हात फिरवला.

"अरे, ही तर ताईची बैठक."

  धाकट्याच्या हातांना जे माप ठाऊक होतं, तेच त्यांनी कापलं होतं. माझा मधला पाइप कापून आखूड केला की काम भागणार होतं. काका म्हणाले, "आण ते पाइप कापायचं यंत्र, कापून टाकू."

"गाडीला हात लावायचा नाही!" धाकटा माझ्यापुढे आडवा उभा राहिला. "काकूंना दुसरी करतो. ही अशीच राहील."

"आणि बाई येतील त्यांना काय दाखवणार? रिकामी गाडी?" आईनं विचारलं. त्यानं तोंड फिरवलं.

काकू माझ्यावरून उतरल्या नाहीत. तिसरी उशी त्याच्या अंगावर फेकून म्हणाल्या, "इकडे बघ. तुझ्या ताईचे सगळे कपडे कोण शिवायचं? मीच ना? दर वेळी मेली भांडायची, काकू, खांद्यात सैल ठेवा, मला दांडी ओढायची असते. तिचा खांदा, तिचा हात, सगळं पाठ आहे मला. विसरलास तर ये विचारायला, झोपेतून उठवलंस तरी सांगेन. पण मला गाळ्यावर जायचंय रे, आणि हा माणूस काही आता मला उचलत नाही."

"उचलतो की," काका म्हणाले.

"गप्प बसा. काल मधेच भाजीवाल्याच्या टोपलीत ठेवलंत मला."

धाकटा हसला. हसता हसता रडला, शर्टाच्या बाहीला नाक पुसलं. मग बाकावरची शाल घडी करून आईच्या हातात दिली आणि काकूंना उचलून तिथे बसवलं. "डोळे मिटा. हात पुढे."

मला कापलं तेव्हा दुखलं नाही, गुदगुल्या झाल्या. कापलेला तुकडा जपून ठेवायला त्यानं झटकन खिशात टाकला. तुकडा तापलेला! काय नाचला म्हणून सांगू! काकूंना ठसका लागेपर्यंत हसू आलं.

संस्थेच्या बाई आल्या तेव्हा मी कारखान्यात नव्हतेच. "गाडी कुठाय?" त्यांनी विचारलं.

"कामाला गेली. चला," म्हणून धाकटा त्यांना बाजारात घेऊन आला. काकू माझ्यावरच बसून एका पँटला चेन लावत होत्या. "बाई, जरा उभ्यानंच बोला हं, गिऱ्हाईक खोळंबलंय."

बाई माझ्याभोवती फिरल्या, पाइप बघितले, काकूंना एक फेरी मारायला लावली. मग धाकट्याला म्हणाल्या, "ताईंच्या जागी आता माणसांची मापं कोण घेतं?"

तो यावेळी ओरडला नाही. "मी घेतो," म्हणाला.

उरलेलं अनुदान आलं. माझ्या पाठच्या बहिणी एकेक करून रस्त्यावर येताहेत, एक हिरवी, एक चक्क जांभळी. परवा एका थोराड सुताराला धाकट्यानं बाकावर बसवलं होतं. गप्पा इतक्या रंगल्या की पाइप कापायचं राहूनच गेलं.

तुम्हाला एकच विनवणी. चढावर आम्ही दिसलो की लोक दया येऊन मागून ढकलतात. न विचारता ढकलू नका हो, दांडी एकदम गरकन फिरते आणि काकूंच्या बोटांना लागते. विचारा आधी. ढकलायला नाही म्हणाल्या तर शेजारून चाला, गप्पा मारा. काकूंकडे गप्पांना तोटा नाही.

बघा, आणखी एका पँटला चेन लावून झाली. आता माल पोचवायला निघायचंय. दांडी फिरली, सरका बाजूला!