हत्तीण घाट उतरताना

घाटाच्या माथ्यावर वहिनींनी ब्रेक दाबून पाहिला. पेडल रोजच्यापेक्षा दोन बोटं जास्त खाली गेलं. पाय उचलून पुन्हा दाबलं, तर घट्ट. शेजारी बसलेल्या नणंदेच्या काही लक्षात आलं नव्हतं.

"का थांबलात?" तिनं विचारलं.

"थांबले कुठं? ट्रकला वाट दिली."

तासाभराच्या प्रवासात दोघींचं झालेलं सगळ्यात लांब बोलणं ते हेच.

गाडी अमेरिकन होती, साठ वर्षांपूर्वीची. काळी, अठरा फूट लांब, पुढं सोफ्यासारखं सलग सीट, स्टिअरिंग डावीकडं आणि वेग मैलांत दाखवणारा आडवा काटा. घरात तिचं नाव हत्तीण. ती आत शिरली की पेट्रोल पंपावरची पोरं हसत उठायची. सासऱ्यांनी ती मायदेशी परतणाऱ्या एका इंजिनिअरकडून घेतली होती. नणंद लहानपणी त्यांच्या मांडीवर बसून स्टिअरिंग धरायची, पुढं चालवायलाही शिकली. पण सासरे गेल्यावर गाडी मुलाकडं गेली आणि मुलीला कुणी विचारलंही नाही. भावानं ती तीस वर्षं चालवली. दीड वर्षापूर्वी तो गेला, तेव्हा चष्म्याच्या दुकानात नंबर तपासणाऱ्या वहिनींनी पन्नाशी उलटल्यावर हत्तीण चालवायला घेतली. दोनदा फाटकाला ठोकली, पण शिकल्या.

मग नणंदेचा फोन आला. "दादा होता तोवर गप्प बसले. आता गाडी माझ्याकडं येऊ दे."

वहिनी चिडल्या आणि चिडूनच म्हणाल्या, "ठीक आहे. रविवारी घ्यायला या. पण चालवत मी स्वतःच पोचवते, तुम्ही शेजारी बसा."

शुक्रवारी मिस्त्रीनं मागच्या चाकाजवळ बोट फिरवून त्यांना दाखवलं. बोट ओलं होतं. "ब्रेकचं तेल पाझरतंय, बाई. सील मागवतो, तीन आठवडे लागतील. तोवर गावात फिरवा, पण घाट उतरू नका."

नणंदेला हे सांगायचं तर 'गाडी सोडवत नाही म्हणून बहाणे' हे ऐकून घ्यावं लागलं असतं. वहिनींनी सांगितलं नाही. बाटलीभर तेल ओतलं आणि निघाल्या.

पहिली दोन वळणं नीट गेली. तिसऱ्यानंतर सरळ, तीव्र उतार होता. वहिनींनी ब्रेकवर पाय ठेवला आणि पाय थेट तळाला टेकला. पुन्हा दाबला. तळ. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. पायाखाली काही उरलंच नव्हतं. काटा पस्तीसवरून चाळिसावर गेला.

"वहिनी, हळू."

 वहिनींचा हात किल्लीकडं गेला.

"अगं, बंद करू नकोस!" नणंदेनं मनगटच पकडलं. "इंजिन गेलं की स्टिअरिंग दगड होईल. ब्रेक गेला का?"

"गेला."

नणंदेनं डावा हात लांबवून स्टिअरिंगच्या दांडीवरचा गिअर खाली ओढला. इंजिन किंचाळलं, दोघी पुढं फेकल्या गेल्या. काटा अडखळला, पण उतरेना.

"डाव्या पायाशी पार्किंग ब्रेकचं पेडल आहे. हळूहळू दाब. एकदम नको, मागची चाकं अडकतील. आणि त्याच्या वरची मूठ ओढून धर, म्हणजे ते अडकून बसणार नाही."

"मग स्टिअरिंग?"

"एका हातानं. हलकं आहे ते. बाबा एका बोटानं फिरवायचे."

वहिनींनी डाव्या हातानं मूठ ओढली, डावा पाय दाबला. गाडीचा मागचा भाग थरथरला. जळक्या रबराचा वास आला. छत्तीस. बत्तीस. चौथं वळण त्यांनी उजव्या तळव्यानं चाक फिरवून घेतलं. टायर ओरडत होते, डाव्या खिडकीत क्षणभर फक्त आभाळ होतं.

पुढच्या वळणातून भरलेला ट्रक वर येत होता, रस्त्याच्या मधोमध.

"हॉर्न!"

हॉर्न वाजला. ट्रक जरासा दरीकडं सरकला. डोंगराच्या बाजूला जेमतेम एका लहान गाडीपुरती जागा झाली, हत्तिणीला ती पुरणार नव्हती.

"डोंगराला घास," नणंद म्हणाली.

"तुमची बाजू आहे ती!"

"मला दिसतंय! घास!" ती सीटवरून घसरत वहिनींच्या खांद्याला येऊन चिकटली.

वहिनींनी चाक उजवीकडं वळवलं. कड्याचा दगड आणि पत्रा यांचा असा आवाज झाला की दोघींनी डोळे मिटले. काच फुटली, दाराची मूठ उडाली, बाजूची चकचकीत पट्टी सोलवटून मागं फरफटत राहिली. ट्रक डावीकडून वीतभर अंतरानं निघून गेला. गाडी आणखी वीसेक फूट घासत गेली आणि पावसाळी नाल्यात उजवं चाक उतरवून तिरकी थांबली.

इंजिन चालूच होतं. नणंदेनं हात लांबवून किल्ली फिरवली. तिच्या केसांत काचेचे कण होते, कपाळावर बारीकसा ओरखडा. वहिनींनी तो पदरानं टिपला आणि त्याच दमात बोलून गेल्या, "मला ठाऊक होतं. मिस्त्रीनं शुक्रवारी सांगितलं होतं."

नणंद त्यांच्याकडं बघत राहिली. "घाट उतरू नका म्हणून?"

"हो."

"आणि तुम्ही मला शेजारी बसवून उतरलात." ती पुन्हा 'तुम्ही'वर आली होती. "माझ्यावर एवढा राग होता?"

"मरायचं मनात नव्हतं हो, वन्सं. फक्त तुमच्यापुढं नमायचं नव्हतं."

 वहिनी उतरल्यावर नणंद त्याच डाव्या दारातून बाहेर आली, खाली जाणाऱ्या दुधाच्या टेम्पोला हात केला आणि मागं न बघता निघून गेली.

वहिनी दगडावर बसून राहिल्या.  दुपारी ओढून नेणारी गाडी आली. "वर न्यायची की खाली?" ड्रायव्हरनं विचारलं. वर त्यांचं घर होतं.

"खाली," वहिनी म्हणाल्या आणि नणंदेचा पत्ता दिला. स्वतः मात्र एसटीनं परतल्या.

दोन महिने फोन नाही. वहिनींनी तीनदा नंबर फिरवला, तीनदा रिंग होण्याआधी ठेवला. मग एका सकाळी दुकानातच फोन आला.

"ब्रेक चारही चाकांचे नवे बसवलेत," नणंद म्हणाली. "उजवं दार अजून उघडत नाही. परवा फाटकाबाहेर काढली आणि कोपऱ्यावरच परत फिरवली. पाय सारखा ब्रेकवरच जातो माझा."

"माझा अजून झोपेत जातो," वहिनी म्हणाल्या.



"राग गेलेला नाही माझा," नणंद म्हणाली. "पण रविवारी या. सपाटीवरच जाऊ, तलावापर्यंत. जाताना मी चालवीन, येताना तुम्ही."

वहिनी सकाळच्या पहिल्या बसनं गेल्या. नणंद फाटकाशी उभी होती. डाव्या दारातून आधी वहिनी आत शिरल्या, सरकत पलीकडं गेल्या. त्यांच्यामागून नणंद स्टिअरिंगशी बसली. तिनं किल्ली फिरवली, ब्रेक दोनदा दाबून पाहिला. मग वहिनींना म्हणाली, "तुम्हीही एकदा दाबून बघा."

वहिनींनी वाकून हातानंच पेडल दाबलं. घट्ट होतं.

"चला," त्या म्हणाल्या.