चष्मेवहीचे दोष

बत्तीस वर्षं मी एका छापखान्यात मुद्रितशोधक होते, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका काढण्याचा मला पगार मिळायचा. निवृत्तीनंतर तेच काम मी फुकट करते. एका ऑनलाइन ज्ञानकोशात बाजारात विकल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरवर लेख येतात. ते लेख आहेत की जाहिराती, हे आम्ही काही हौशी मंडळी ठरवतो. तिथे मी 'लाल पेन्सिल' या नावाने वावरते.

माझी पद्धत जुनी आहे. लेख कागदावर छापून घ्यायचा आणि त्यातली स्तुती खोडत जायचं. 'अग्रगण्य' खोडा, 'क्रांतिकारी' खोडा, 'लाखोंचा विश्वास' खोडा. परिच्छेदभर मजकूर उरला तर तो लेख. नुसता फोन नंबर उरला तर जाहिरात. मग लेख काढावा की ठेवावा यावर सात दिवस चर्चा चालते आणि शेवटी एक त्रयस्थ संपादक निकाल देतो.

गेल्या सोमवारी छाननीच्या यादीत 'चष्मेवही' हे नाव दिसलं आणि मी चहाचा कप खाली ठेवला. चष्म्याच्या दुकानांसाठीचं हे सॉफ्टवेअर. गिऱ्हाइकांचे नंबर जपून ठेवायचं आणि भिंगांच्या कारखान्यासाठी ऑर्डरची चिठ्ठी छापून द्यायचं. अकरा वर्षं खपून ते कुणी बनवलं होतं, हे मला कुणाला विचारायची गरज नव्हती. ते गृहस्थ शेजारच्या खोलीत खुर्चीचा डुगडुगणारा पाय ठोकत होते आणि शीळ घालत होते. आमचे हे शीळ घालतात तेव्हा काहीतरी लपवलेलं असतं.

मी लेख छापला आणि पेन्सिल चालवली. 'अत्यंत सोपे', 'अतुलनीय', 'दुकानदारांचा सच्चा सोबती'. शेवटी अडीच ओळी उरल्या.

लेखाशी नातं असेल तर ते जाहीर करायचं आणि निकालापासून लांब राहायचं, असा आमच्याकडे नियम आहे. मी चर्चेच्या पानावर लिहिलं, 'लेखक माझे यजमान आहेत, म्हणून माझं मत मोजू नये. पण ही जाहिरात आहे.'

दहा मिनिटांत शीळ थांबली.

"लोकांच्या बायका नवऱ्याची बाजू घेतात," हे दारात उभे राहून म्हणाले.

"लोकांचे नवरे 'अतुलनीय' लिहीत नाहीत."

"अगं, बारा वर्षांपूर्वी बंद पडलेल्या मालाची कसली जाहिरात? आता मी विकणार काय, कप्पाळ?"

मुद्दा बिनतोड होता, आणि मला दुसऱ्याचे बिनतोड मुद्दे सहन होत नाहीत. "मग तुमची स्वतःची जाहिरात असेल," मी म्हणाले.

जिभेला हाड नसतं ते असं. जेवताना ते एवढंच म्हणाले, "कंपनी गेली, तिथले कॉम्प्युटर भंगारात गेले. चष्मेवही नावाचं काहीतरी होतं, एवढं तरी कुठे लिहिलेलं असावं असं वाटलं." मला फार वाईट वाटलं. माणसाची अकरा वर्षं मी अडीच ओळींवर आणून ठेवली होती.

पण वाईट वाटणं हा काही पुरावा नाही. लेख टिकायला एकच वाट होती. ज्याचा कंपनीशी काडीचा संबंध नाही अशा कुणीतरी चष्मेवहीबद्दल सविस्तर लिहिलेलं हवं होतं. ह्यांनी जोडलेले सगळे पुरावे म्हणजे कंपनीचीच माहितीपत्रकं, आपणच थोपटलेली आपली पाठ.

"बाहेरच्या कुणी एक अक्षरही लिहिलं नाही?" पाचव्या दिवशी मी विचारलं.

"नाही," ते म्हणाले आणि शीळ घालायला लागले.

मी सरळ त्यांच्या कपाटाची किल्ली मागितली. खालच्या कप्प्यात, पंख्याच्या आणि मिक्सरच्या हमीपत्रांखाली, चष्मा विक्रेत्यांच्या संघटनेचं एक जुनं मासिक निघालं. त्यात चष्मेवहीवर तीन पानं होती, आणि पहिल्या दोन पानांत तिची सालटी काढली होती. पहिल्या आवृत्तीत चिठ्ठी छापताना डाव्या डोळ्याचा नंबर उजव्याच्या रकान्यात जायचा. चाळीस गिऱ्हाइकं उलटी भिंगं लावून फिरली होती. मग ती चूक महिन्याभरात कशी सुधारली आणि दुकानांचं काम पुढे कसं बदललं, तेही तारखांसकट दिलं होतं.

"हे का नाही जोडलंत?"

"अब्रूचे धिंडवडे आहेत ते. मी तुलासुद्धा कधी दाखवलं नाही."

"अहो, जाहिरातीत कुणी स्वतःची सालटी काढून घेतं का? हाच तर तुमचा पुरावा."

त्यांनी माझी पेन्सिल मागून घेतली. माझ्या नजरेतून सुटलेला एक 'सुप्रसिद्ध' होता, तोसुद्धा त्यांनी खोडला. 'दोष' असं शीर्षक देऊन चाळीस गिऱ्हाइकांची हकीकत त्यांनी स्वतःच लिहिली, कुठेही सारवासारव न करता. ते वाचून चर्चेतल्या एका शिक्षकाने आणखी शोधाशोध केली आणि चष्मे बनवण्याच्या एका पाठ्यपुस्तकात त्याला चष्मेवहीवर अख्खं प्रकरण सापडलं. सातव्या दिवशी निकाल लागला. लेख राहिला.

ह्यांनी लगेच फोनवरून आपल्या बहिणीला लेख वाचून दाखवला, त्यातला 'दोष' हा भाग दोनदा. फोन ठेवल्यावर म्हणाले, "चष्मेवहीची सगळ्यात पहिली चिठ्ठी तुझ्या चष्म्याची होती, आठवतं? तुझा बरा नीट निघाला."

मी चष्मा काढून पुसला. तो चांगला स्वच्छ होता.

"उलटा निघाला होता," मी म्हणाले. "पंधरा दिवस डोकं दुखत होतं. मग दुसऱ्या दुकानातून गुपचूप बदलून आणला."

"आणि बोलली नाहीस? किराण्याच्या यादीतसुद्धा माझ्या चुका काढणारी तू?"

"तुम्ही तेव्हा इतके खुशीत होतात. सांगायला माझा जीव झाला नाही. सांगितलं असतं तर ती चाळीस माणसं वाचली असती. मासिक वाचलं तेव्हापासून तेच मनाला लागून राहिलंय."

ते हसून म्हणाले, "सांगितलं असतंस तर चूक तेव्हाच निघाली असती. मासिकवाल्यांनी मग तीन पानं कशावर लिहिली असती?" एवढं बोलून ते कॉम्प्युटरकडे वळले आणि दोन बोटांनी काहीतरी टाइप करायला लागले.

मी मागून वाकून पाहिलं. 'दोष'च्या खाली नवी ओळ उमटत होती. 'पहिल्या ग्राहकाने मायेपोटी तक्रार केली नाही.'

"खोडा," मी म्हणाले. "घरचा पुरावा चालत नाही."