तपासणीआधीचे तीन दिवस

एकोणीस वर्षं गौस दर वर्षी तीन दिवस उपाशी राहिला आणि एकोणीस वर्षं पास झाला. पुणे नाक्याजवळच्या अण्णारावांच्या ट्रॅव्हल्समध्ये ही काही झाकलेली गोष्ट नव्हती. ड्रायव्हरांची साखरेची तपासणी जाहीर झाली की सगळ्यांचे डबे घरीच राहायचे. तीन दिवस पाणी आणि बिनसाखरेचा काळा चहा, चौथ्या दिवशी सकाळी बोटाला सुई, साखर खाली, कागदावर सही, आणि दुपारी टेंभुर्णीच्या हॉटेलात गुलाबजाम. दुसरा ड्रायव्हर, लिंगायताचा विरेशसुद्धा ह्याला 'तपासणीचे रोजे' म्हणायचा आणि गौस पोट धरून हसायचा. बाकीच्या दिवसांत अंगात काय चाललंय ह्याची कुणाला पडली होती? मालकाला सही हवी होती, ड्रायव्हरला स्टिअरिंग हवं होतं. दोघांचंही भागत होतं.

यंदा अण्णारावांनी कारभार लेकीच्या हाती दिला. श्रीदेवीताई कमी बोलायची आणि बारीक बघायची. तिनं दंडातून नळीभर रक्त काढायला लावलं. रक्त नेणारा माणूस सुई गुंडाळता गुंडाळता सहज बोलून गेला, की ही तपासणी आजची साखर बघत नाही, मागच्या तीन महिन्यांची सांगते. तीन दिवस पोटाला पीळ देऊन बसलेला गौस त्याच्या हातातल्या नळीकडं बघत राहिला.

आठच्या आत पाहिजे होतं. आलं अकरा पॉइंट दोन.

ताईनं गाडीची चावी मागून घेतली आणि टेबलाच्या खणात ठेवली. तीन महिन्यांनी परत तपासू, तोवर पार्सलच्या खोलीत बसा, पगार आहे तोच राहील, असं तिनं सांगितलं. "आकडा वाढला म्हणून मी कुणाला काढणार नाही, गौसभाई. आकडा लपवला तर काढीन." गौसनं मान हलवली. पण त्याला त्यातलं पहिलं वाक्य ऐकूच गेलं नाही.

का जाईल? त्याच्या डोळ्यांसमोर महबूब होता. महबूब त्याचा थोरला भाऊ, ट्रक चालवायचा. बुटानं अंगठ्याला फोड आला, साखरेनं तो भरू दिला नाही, आणि उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. नई जिंदगी वस्तीतल्या त्यांच्या घराच्या दारात खाट होती, तिच्यावर महबूब सकाळपासून बसलेला असायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्या गाड्यांचे गिअर कानानं ओळखायचा. त्या खाटेवर अजून एका माणसाची जागा आहे, हे गौसला रोज घरात शिरताना दिसायचं.

मग त्यानं जे केलं ते शहाण्या माणसानं करू नये, पण घाबरलेला माणूस शहाणा कुठून असणार? तीन दिवसांनी होत नाही ना, मग तीन महिने उपाशी राहू. दिवसाला एक भाकरी. पहाटे कारल्याचा रस. तळपत्या उन्हात पुणे नाका ते होटगी रस्ता पायी. अकबरी, त्याची बायको, ताट घेऊन मागं मागं फिरायची, तो तिच्यावर खेकसायचा. डॉक्टरनं त्याला गोळ्या लिहून दिल्या होत्या, त्या त्यानं घेतल्या नाहीत, कारण गोळी सुरू झाली म्हणजे ड्रायव्हर संपला असं त्याच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. पण महबूबच्या डब्यातल्या गोळ्या जोरदार आहेत हे त्याला माहीत होतं. त्यातल्या दोन-दोन तो चोरून गिळायला लागला. त्याही रिकाम्या पोटी.

बाविसाव्या दिवशी चादरींचे गठ्ठे काट्यावर चढवताना त्याच्या अंगाला दरदरून घाम फुटला. हात लटपटायला लागले, खोलीचं दार दोन-दोन दिसायला लागलं आणि तो गठ्ठ्यावरच कोसळला. विरेश पळत आला. गौसची शुद्ध अर्धीमुर्धी होती. विरेशनं टपरीवरून साखर आणली, पाण्यात कालवून घोट घोट त्याच्या तोंडात घातली आणि त्याला उचलून दवाखान्यात नेलं.

संध्याकाळी ताई आली. गौसनं तोंड भिंतीकडं केलं. चोरलेल्या गोळ्यांचं त्यानं आपणहून सांगून टाकलं, आणि म्हणाला, "माझं नाव काढून टाका ताई. मला न्हाय जमत."

ताईनं स्टूल जवळ ओढलं. तिनं एवढंच विचारलं, की दर वर्षीच्या त्या तीन दिवसांत गाडी कोण चालवायचं?

"मीच की."

"उपाशी?"

"व्हय."

मागं चाळीस माणसं घेऊन. ते दोघांच्याही मनात एकदमच आलं असावं, कारण ताई स्टुलावर बसली ती डोक्याला हात लावून. "चूक तुमच्या एकट्याची नाही," ती म्हणाली. "आम्ही आकडा मागितला, तुम्ही आकडा आणून दिला. माणूस कसा आहे, हे आमच्यातल्या कुणी कधी विचारलंच नाही."

गौस लहान पोरासारखा रडला. त्यानं काही बरं वाटलं असं मात्र नाही.

त्यानंतर ताईनं त्याला पार्सलच्या खोलीतून काढून विरेशच्या शेजारच्या सीटवर बसवलं, प्रवाशांची यादी बघायला. गोळ्या डॉक्टरच्या, वेळेवर, विरेशच्या समोर. टेंभुर्णीचा थांबा वीस मिनिटांचा होता तो चाळीस मिनिटांचा केला. तिथल्या हॉटेलात ड्रायव्हरला फुकट ताट असतं, गाडी आणतो म्हणून. तेलाची तर्री, भाताचा ढीग, वर दोन गुलाबजाम, आणि ते नको म्हणणं म्हणजे हॉटेलमालकाचा अपमान. गौसनं नको म्हटल्यावर अनिलकुमार, तो हॉटेलवाला, फुगून बसला, गाडी दुसरीकडं न्यायचा डाव आहे म्हणून. ताईनं फोन करून त्याची समजूत काढली. आता ताटात भाकरी, डाळ, मेथी, ताक. आणि ते एकट्या गौसला नाही, कंपनीच्या नऊही ड्रायव्हरांना. बाकीचे कुरकुरले, चार दिवस तोंडं वाकडी केली, आणि जेवले.

जेवल्यावर विरेश त्याला घेऊन उभ्या गाडीभोवती चालायचा. चाळीस फेऱ्या. प्रवासी खिडकीतून बघत बसायचे. वैरागची एक म्हातारी राहवेना म्हणून विचारती झाली, कसला नवस फेडताय. विरेश म्हणाला, साखरंचा. म्हातारीनं हात जोडले.

म्हणजे सगळं सुरळीत झालं म्हणता? छे. शेजारी दुसरा माणूस आपली गाडी चालवतोय आणि आपण कागद धरून बसलोय, ह्यानं गौसच्या जिवाची काहिली व्हायची. रोज वाटायचं, आता हे असंच, मग खाट. एका दुपारी तो हॉटेलच्या मागं गेला आणि उभ्या उभ्या सहा गुलाबजाम खाल्ले. मग तोंड पुसून गाडीत येऊन बसला, आणि मोहोळ यायच्या आत त्याला ते सहन होईना. त्यानं विरेशला सांगितलं, संध्याकाळी ताईला सांगितलं, आणि शिव्या खायला उभा राहिला. ताई म्हणाली, "बरं झालं सांगितलंत. उद्या ताटावर बसा." पुढं काही नाही. इतक्या वर्षांत खरं बोलून नोकरी टिकल्याचा हा त्याचा पहिलाच अनुभव होता.

तपासणीला तीन दिवस उरले आणि जुनं भूत मानगुटीवर बसलं. उपाशी राहून आता उपयोग नाही हे त्याला ठाऊक होतं. तरी घास तोंडाशी गेला की हात थांबायचा. टेंभुर्णीला त्यानं ताट तसंच पुढं सारलं. विरेशनं ते बघितलं, आपलं ताटही बाजूला सारलं आणि हाताची घडी घालून बसला.

"तुमी जेवला न्हाय तर मी बी न्हाय," तो म्हणाला. "मग बघा, उपाशी ड्रायव्हर हाय आणि मागं चाळीस माणसं हायत. चालंल का?"

गौसनं खिडकीतून गाडीकडं बघितलं. एक बाई लेकराला पाणी पाजत होती. त्यानं भाकरी मोडली. डोळ्यातलं पाणी ताटात पडत होतं आणि तो खात होता. विरेशनं मग आपलं ताट ओढून घेतलं.

चौथ्या दिवशी रक्त नेणारा तोच माणूस आला. दंडाला पट्टा बांधता बांधता त्यानं सवयीनं विचारलं, उपाशीपोटी आलात ना?

"न्हाय," गौस म्हणाला. "जेवून आलोय."

दुसऱ्या दिवशी कागद आला. आठ पॉइंट चार.

ताईनं तो दोनदा वाचला. अकरावरनं आठवर आलाय, डॉक्टर खूश आहेत, असं ती म्हणाली. पण नियम आठच्या आतचा, आणि चावी खणातनं बाहेर आली नाही. "अजून तीन महिने, गौसभाई. मी आहे, विरेश आहे." गौस व्हय म्हणाला. 

तो घरी पोचला तेव्हा दारातल्या खाटेवरून महबूबनं विचारलं, "कितना?"

"आठ पॉइंट चार."

 अकबरी चुलीपाशी उभी होती, तिच्या तोंडचं पाणी पळालं. मागच्या वेळी आकडा आला तेव्हा ह्या माणसानं दिवसाला एकाच भाकरीवर दिवस काढले होते आणि पुढं काय झालं ते तिनं दवाखान्यात बघितलं होतं. तिनं भाकरीचं टोपलं नुसतंच हातात धरलं, पुढं करायचं धाडस तिला होईना.

गौस भिंतीला पाठ लावून खाली बसला. रडला. ह्या वेळी तोंड लपवलं नाही. मग उठला, मोरीवर जाऊन हात धुतले, आणि भावाच्या खाटेजवळ मांडी घालून बसला.

"अकबरी," तो म्हणाला, "खाना लगा."

अकबरीनं भाकरी वाढली. ती संपल्यावर त्यानं दुसरी मागून घेतली.