पाचव्या बटणावरचं नाव

मित्रांनो, जर्मनीतल्या येना गावात आलात तर सगळे तुम्हाला भिंगं दाखवतील, दुर्बिणी दाखवतील. मला कोण दाखवणार? मी एका जुन्या तीन मजली घराच्या दारावरची पितळी पाटी. घंटेची सहा बटणं, शेजारी सहा नावं आणि प्रत्येक नावाखाली पत्र टाकायची फट, एवढाच माझा संसार. पण या गावाचा इतिहास मला विचाराल, तर पुस्तकापेक्षा नीट सांगेन. अहो, तो माझ्या अंगावरच लिहिला गेलाय!

मी नवी होते तेव्हा माझ्यावर काच फुंकणाऱ्यांची, भिंगं घासणाऱ्यांची नावं होती. वर विद्यापीठातले एक प्राध्यापक राहायचे. मग एका सकाळी दोन माणसं आली आणि तळमजल्यावरच्या ज्यू शिंप्याचं नाव खरवडून गेली. बाकीच्या पाच घरांतून कुणी ब्र काढला नाही. मीही गप्प राहिले. त्याची मला आजही लाज वाटते. पुढे बॉम्ब पडले, देशाचे दोन तुकडे झाले, मग पुन्हा एक देश झाला. त्या दिवशी सगळे नाचले आणि थोड्याच दिवसांत भिंगांच्या कारखान्यातली हजारो माणसं घरी बसली. दुसऱ्या मजल्यावरचे वॉल्टर केसलर त्यातलेच. पण गडी खचला नाही. मागच्या दोन खोल्यांत त्यांनी दुकान थाटलं आणि पाचव्या बटणाशी नाव लावलं : 'वॉल्टर केसलर, दुर्बिणी दुरुस्ती'.

ते जाऊन सहा वर्षं झाली. त्यांच्या बायकोने, फ्राऊ केसलरनी, ते नाव काही काढलं नाही. दर शनिवारी त्या खाली यायच्या आणि तेवढंच नाव पुसायच्या. बाकी माझ्यावर धूळ बसेना का!

गेल्या वर्षी त्या मागच्या खोल्या ईप्सिता निमकरने भाड्याने घेतल्या. पुण्याची मुलगी, इथल्या विद्यापीठात प्रकाशावर संशोधन करायला आलेली. नवरा उत्कर्ष आणि चार वर्षांची अन्वी तिकडेच. दोघांना इकडे आणायचे कागद तिने परदेशी लोकांच्या कचेरीत दिले आणि पत्त्यात पुण्याच्या सवयीने लिहिलं, 'दुसरा मजला, मागची बाजू'. रोज संध्याकाळी ती फटीत डोकवायची आणि दारातूनच फोनवर सासूबाईंना सांगायची, "अहो आई, नाही आलं अजून. अन्वीला म्हणावं, थोडेच दिवस." मित्रांनो, कचेरीचं पत्र दोनदा आलं होतं हो! पोस्टाच्या बाईंच्या हातात मी ते पाहिलं होतं. पण मी बोलणार कशी?

मग कचेरीची ईमेल आली. दोन पत्रं परत आली आहेत, तिसरं पाठवतो आहोत, तेही परत आलं तर अर्ज बंद. त्या शनिवारी ईप्सिताने पोस्टाच्या बाईंना दारातच गाठलं.

"अहो, मजला लिहिला होता की मी!"

"मजले मी वाचत नाही, नावं वाचते," बाई म्हणाल्या. "या पाटीवर निमकर कुठंय?"

ईप्सिता धावत जाऊन कागदाची पट्टी घेऊन आली. चिकटवायला हात पाचव्या बटणापर्यंत नेला आणि थांबली. ते चकचकीत नाव झाकायचं तिच्या जिवावर आलं. मागे फ्राऊ केसलर फडकं घेऊन उभ्या होत्या.

"आल्झो, असं तर," त्या म्हणाल्या, "माझ्या वॉल्टरने अडवलंय होय तुझं पत्र?"

"नाही हो, त्यांचं नाव राहू दे. मी कडेला लावते."

"कडेची पट्टी पावसात निघून जाईल. मग तुझ्या लेकीने काय करायचं? चूक माझी आहे. तुला किल्ली दिली आणि नाव द्यायचं विसरले."

त्यांनी वरून वॉल्टरचाच स्क्रूड्रायव्हर आणला. स्क्रू इतका घट्ट बसला होता, की एकटीच्याने फिरेना. शेवटी ईप्सिताने त्यांच्या हातावर हात ठेवून जोर लावला. नाव सुटून आलं तशा फ्राऊ केसलर पायरीवरच बसल्या आणि रडल्या. मलाही गलबलून आलं. एवढी नावं गेली माझ्यावरून, पण दुसऱ्याला जागा द्यायची म्हणून कुणी आपल्याच माणसाचं नाव उतरवलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

त्याच स्क्रूंनी पाचव्या बटणाशी 'निमकर' नाव बसलं. तिसरं पत्र बुधवारी आलं आणि नीट आत पडलं. मे महिन्यात उत्कर्षच्या कडेवरून एका चिमुकल्या बोटाने पाचवं बटण दाबलं आणि दाबूनच धरलं. काय तो गोंगाट! ईप्सिताच्याही आधी फ्राऊ केसलर खाली पोचल्या.

मित्रांनो, मला घासूनपुसून लख्ख ठेवा, असं मी म्हणणार नाही. चार डाग पडले म्हणून माझं काही बिघडत नाही. पण तुमच्या घराशेजारी कुणी नवं राहायला आलं, तर पहिल्याच दिवशी विचारा, "नाव कसं लिहू?" आणि लगेच लावा. कुठेतरी लांब एखादं चार वर्षांचं पोर वाट बघत असतं.